चिंचपाणीचा कौल

"आधी तू खा," ती म्हणाली.

मी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, चावला, गिळला. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. घास खरंच खाली उतरला की गालात धरून ठेवलाय, याची तिला खात्री करायची होती. मग थोडा वेळ थांबली, मी तिथंच कोसळते की काय हे बघायला. मी कोसळले नाही. तेव्हा तिनं उरलेली भाकरी ओढून घेतली आणि अशी खाल्ली, की मलाच मान वळवावी लागली. सातव्या महिन्याचं पोट आणि किती दिवसांची उपाशी, कोण जाणे.

ती ठुमली. दित्या नाईकाची बायको.

खानदेशात इंग्रजांचा अंमल नवा होता तेव्हाची ही गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याला चिंचपाणीला एक जुनी पडकी गढी होती. कप्तान साहेबानं तिच्या पडलेल्या भिंतींच्या जागी सागाचे ओंडके उभे रोवले, वर टोकं तासली, आणि तिचं ठाणं केलं. समोर डोंगर होता, डोंगरात भिल्ल होते आणि भिल्लांचा नाईक दित्या. शिपायांची तुकडी डोंगरात जायची. पाड्यावर पोचली की चुली ऊन असायच्या, आणि माणूस एक नसायचं. असं कितीदा झालं. नवरा सापडेना, तेव्हा बायको धरून आणली.

तिच्यावर मला ठेवलं, कारण ठाण्यातल्या बायकांत भिल्लांची बोली एकट्या मला येत होती. माझी आई मला जन्म देऊन गेली. गावच्या जागल्याची बायको भिलीण होती, तिच्या अंगावर मी वाढले. तापी हे नावसुद्धा तिनंच हाक मारून मारून पाडलं. पुढं माझं लग्न झालं ते रायाजी हवालदाराशी. तो घाटावरचा, साताऱ्याकडचा. ठाण्यातल्या बाकीच्या बायकाही तिकडच्याच. त्या माझ्याशी बोलायच्या, हसायच्या, पण मी पाणवठ्यावर आले की त्यांचं बोलणं मधेच तुटायचं. चिमी लोहारीण एकदा तोंडावरच म्हणाली होती, "तुझं काय बाई, दूध कुणाचं प्यालीस ते रक्तात राहतंच."

सुभेदार धोंडजींनी मला बोलावून घेतलं. पिकल्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस.

"पोरी, तिच्या पोटात काय आहे ते सुईण बघेल," ते म्हणाले. "मनात काय आहे ते तू काढ. ती काय बोलते, काय गाते, कुणाकडे बघते, सगळं मला येऊन सांगायचं. इथून कोणीतरी डोंगराला खबर देतंय."

"ती तर काल आली, सुभेदारजी. खबरा तर वर्षभर जातायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणूनच सांगतो. डोळे सगळीकडे ठेव."

त्या सगळीकडेमध्ये मीही होते, हे मला घरी आल्यावर उमगलं.

पण ठाण्यात खरा संशय होता तो रेवज्यावर. रेवज्या भिल्ल होता आणि शिपाई होता. त्याला दोन्ही बोल्या यायच्या, डोंगरातल्या वाटा त्याला तळहातासारख्या ठाऊक. ठुमलीला जिथं लपवलं होतं ती दरी त्यानंच दाखवली होती. एवढं करूनही शिपाई त्याच्या पंगतीला बसत नसत. "आज आपल्याच माणसांची दरी दाखवली, उद्या आपला पहारा दाखवेल," असं म्हणत. पहाऱ्यावर त्याला एकटा कधी ठेवत नसत.

मलाही तो आवडत नसे. ठुमलीला ठेवलेल्या खोलीवरून तो दिवसातून किती वेळा जायचा. कधी दाराशी चिंचेचा आकडा ठेवायचा, कधी मोहाची फुलं पानात बांधून. ठुमली ते उचलून बाहेर फेकायची. मला वाटायचं, काय माणूस आहे! स्वतः पकडून दिलेलं सावज जिवंत आहे ना, हे बघायला येतो.

एकदा तो समोरून गेला तेव्हा ती थुंकली. मी विचारलं, "ओळखतेस त्याला?"

"नाही."

"तुझ्या माहेरी कोण आहे?"

"भाऊ होता. मेला."

तिनं असं तोडून सांगितलं की पुढं विचारायची सोय राहिली नाही.

हळूहळू ती मला आधी खायला लावेनाशी झाली. पण पाठ कधी माझ्याकडे करत नसे. मी तिचे केस विंचरू म्हटलं, तर भिंतीला टेकून बसली आणि फणी मागून घेतली. मीही तशीच होते. ती गायला लागली की हातातलं काम थांबवून मी शब्द ऐकायची. नदीचं गाणं, मोराचं गाणं, नवऱ्याला शोधत फिरणाऱ्या बाईचं गाणं. यात खबर कुठली आणि गाणं कुठलं? सुभेदारांना सांगायला माझ्याकडे काही नव्हतं आणि ते त्यांना खरं वाटत नव्हतं.

मग एके दिवशी दित्या नाईकाचा चुलता ठाण्याच्या दारात आला. वाळून काटकी झालेला म्हातारा. हातात काठी आणि काठीला पांढरं फडकं. नाईक बोलायला तयार आहे, म्हणाला. बायको परत द्या, डोंगर शांत होईल. पण कौल पाहिजे, जिवाला धोका नाही असा शब्द.

कप्तान साहेब खुर्ची टाकून अंगणात बसला. तरुण होता, गोरा, उन्हानं नाकाची साल निघालेली. मला आणि रेवज्याला, दोघांनाही बोलावलं. म्हातारा रेवज्याकडे बघायलाही तयार नव्हता. "याच्या तोंडून नको," म्हणाला. म्हणून मी बोलायचं ठरलं.

साहेबानं त्यांच्या धर्माच्या पुस्तकावर हात ठेवला. दुसरा हात तलवारीवर. मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "बोलो उसको. महुए के झाड के नीचे आए. बंदूक नही, तीर नही. उसके बाल को भी कोई हाथ नही लगाएगा."

मी ते भिल्लांच्या बोलीत सांगितलं. केसालाही धक्का लागणार नाही.

म्हाताऱ्यानं साहेबाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "तू म्हणतेस का हे?"

"साहेब म्हणतो."

"साहेबाची बोली मला कळत नाही. मला तुझी कळते. तुझ्या बोलीला आमच्या दुधाचा वास आहे. तू म्हणतेस का?"

"काय विचारतोय?" सुभेदार म्हणाले.

मी त्यांना काही सांगितलं नाही. साहेबाचा हात अजून पुस्तकावर होता. देवाच्या पुस्तकावर हात ठेवून कोण खोटं बोलेल, असं मला तेव्हा वाटलं.

"हो," मी म्हाताऱ्याला म्हटलं. "मी म्हणते."

तो गेला. घरी आले तर सुभेदारांकडून गुळाची ढेप आली होती. ठाण्यात राहायला आल्यापासून त्यांच्या घरातून मिठाचा खडा आला नव्हता. ती ढेप मी फळीवर ठेवली, आणि तिच्याकडे बघता बघता मला पहिल्यांदा शंका आली. एवढं कशाबद्दल? चार वाक्यं बोलल्याबद्दल?

दुसऱ्या दिवशी लोहाराचा घण सकाळपासून चालू होता. मी पाण्याला जाता जाता चिमीला विचारलं, "काय करतायत गं?"

"दाराची साखळी."

मी भात्याजवळून जाताना वाकून बघितलं. दाराच्या साखळीला कड्या असतात, त्या बोटभर. ह्या कड्या एवढ्या मोठ्या होत्या की माणसाचा घोटा आरामात जाईल. चिमीनं लगेच वर पोतं टाकलं.

"जा बाई, ठिणगी उडेल," ती म्हणाली.

जेवताना मी रायाजीला विचारलं, "कौल खरा आहे ना?"

"साहेबानं पुस्तकावर हात ठेवला. तू होतीस की तिथं."

"मी तुम्हाला विचारते."

त्यानं भाकरी कालवणात बुडवली ती तशीच धरून ठेवली. माझा नवरा भला माणूस होता. मला तो कधी टाकून बोलला नाही. पण शिपाईगिरीत केस पिकवलेला होता. "तापी," तो म्हणाला, "विचारू नये ते बायकोनं विचारलं, की नवऱ्याला खोटं बोलावं लागतं. मला खोटं बोलायला लावू नकोस."

एवढं पुरे होतं. तरी माणसाचं मन असं असतं, की समोर विस्तव दिसला तरी म्हणतं, काजवा असेल. मी स्वतःला समजावलं, की बेड्या काय, ठाण्यात लागतच असतात. चोर असतात, पळालेले शिपाई असतात.

ठुमलीला मी सांगितलं, "तुझा माणूस येणार आहे. तुला न्यायला."

तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुणी बोलावलं?"

"साहेबानं कौल दिलाय."

"साहेबानं दिला. नेला कुणाच्या शब्दावर?"

मी तिच्यापुढचं ताट उचललं. तिनं आपल्या पोटावर दोन्ही हात ठेवले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाठ करून बसली. संशय संपला होता तिचा. तिला कळून चुकलं होतं.

भेटीच्या दिवशी उजाडता उजाडता रायाजी आणि सगळी तुकडी बाहेर पडली. "लाकडं तोडायला चाललो," तो म्हणाला. सगळ्यांच्या खांद्याला बंदुका होत्या. मी अंगण झाडत भिंतीपाशी गेले. ठाण्यातल्या सगळ्या कुऱ्हाडी तिथंच, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मी झाडू खाली ठेवला. आता स्वतःला समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या तोंडून तो माणूस येत होता. माझ्या शब्दावर, मी प्यालेल्या दुधावर.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही ठाण्यासमोरच्या मोहाच्या झाडाखाली होतो. साहेब, सुभेदार, चार शिपाई, रेवज्या आणि मी. कुणाच्याही हातात बंदूक नव्हती, कौलाप्रमाणे. सतरंजी अंथरली होती. एका बाजूला कोरडा नाला, दुसऱ्या बाजूला दाट करवंदीची जाळी आणि तिच्यामागं दरी. सतरंजी अशी घातली होती, की पाहुणा बसला तर त्याची पाठ नाल्याकडे होईल. मी नाल्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. काठावरचं वाळलं गवत वारा नसताना हलत होतं.

दित्या नाईक तट्टावर आला. सोबत तो म्हातारा चुलता आणि दोन माणसं. मी मनात आणलं होतं तसा तो राक्षस नव्हता. बारीक, काळासावळा, एका डोळ्याखाली जुना वण. तट्टू त्यानं चुलत्याच्या हाती दिलं आणि पुढं आला. आधी साहेबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रेवज्याकडे मात्र बघितलं नाही.

"बोलो, बैठ जाए," साहेब म्हणाला. "तमाखू पिए. उसकी औरत आती है."

सगळे माझ्याकडे बघत होते. ती बोली समजणारं तिथं ठाण्याच्या बाजूनं एकच माणूस होतं, रेवज्या. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. ज्यानं स्वतःच्या माणसांची दरी दाखवली तो माझं काय करील, हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी बोलले. आवाज सरळ ठेवला, निरोप सांगतात तसा.

"साहेब म्हणतो बस. मी म्हणते बसू नकोस. मागं नाल्यात बंदुका आहेत. आधी बायको माग. साहेबाला तुझ्या आणि नाल्याच्या मधे ठेव."

दित्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पापणीसुद्धा नाही. मग तो हसला, मोठ्यानं, आणि म्हणाला, "आमच्यात पाहुणा आधी बसत नाही. घरची बाई समोर आली, तिनं पाणी दिलं, की बसतो. माझी बाई आणा."

मी ते साहेबाला सांगितलं. साहेबाचे डोळे बारीक झाले.

"तुम बहुत बोला," तो म्हणाला. "मै थोडा बोला, तुम बहुत बोला. रेवज्या! क्या बोली ये?"

रेवज्या पुढं आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग दित्याकडे, आणि मग साहेबाला सलाम केला.

"बस म्हणाली, साहेब. तंबाखू ओढ म्हणाली, बाई येते म्हणाली. आमच्या बोलीत पाहुण्याला नुसतं बस म्हणत नाहीत. त्याच्या गुराढोरांची, पोराबाळांची खुशाली विचारावी लागते. म्हणून लांबलं."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. साहेब जरा वेळ रेवज्याकडे बघत राहिला. मग त्यानं हात केला, आणि ठाण्याचं दार उघडलं.

ठुमली एका हातानं पोट सावरत आली. येताना ती रेवज्याच्या अगदी जवळून गेली. थांबली, आणि त्याच्या तोंडावर थुंकली. त्यानं ते पुसलं नाही.

दित्या दोन पावलं बाजूला सरकला, बायकोला जागा दिल्यासारखा. त्याबरोबर साहेबही वळला. आता साहेबाची पाठ नाल्याकडे होती. चुलत्यानं ठुमलीला धरून तट्टावर बसवलं.

"अब बैठो!" साहेब ओरडला आणि त्यानं टोपी काढली. तीच खूण असावी.

नाल्यातून सगळे उठले. बंदुका रोखल्या आणि तशाच राहिल्या. गोळी झाडायची तर ती साहेबातून गेली असती. तेवढा क्षण दित्याला पुरला. त्यानं तट्टाच्या पाठीवर थाप मारली, आणि ती सगळी माणसं करवंदीच्या जाळीत शिरली, दरीत उतरली. मग बंदुका वाजल्या. पानं तेवढी गळली.

साहेबाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लाल होता तो पांढरा झाला. तो माझ्या दिशेनं वळला, आणि मी तोंड उघडलं. काय होणार ते होऊ दे, मी केलं म्हणून सांगायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

पण रेवज्यानं पगडी काढून जमिनीवर टाकली.

"साहेब, मी केलं," तो म्हणाला. "सलाम करताना पगडीला दोनदा हात लावला. आमच्यात ती पळ म्हणायची खूण आहे."

आणि मग माझ्याकडे वळून, दात ओठ खात, शिवी द्यावी अशा आवाजात, आपल्या बोलीत तो ओरडला, "गप्प बस! तू बोललीस तर तुझ्या नवऱ्यालाही फासावर देतील. माझ्यामागं रडायला कोणी नाही. गप्प बस!"

शिपायांना वाटलं, तो मला घाणेरडं बोलतोय. एकानं त्याच्या तोंडात मारली. "बाईमाणसाला बोलतोस?"

"मी सांगत होतो की नाही," दुसरा म्हणाला. "जातीवर गेला."

ते सगळे खूष होते. वर्षभराचा संशय खरा ठरल्यावर माणसाला बरं वाटतं.

दुपारी मी त्याला पाणी घेऊन गेले. त्याच्या पायात त्या नव्या बेड्या होत्या. पहारेकरी सावलीत जाऊन बसला.

"का केलंस?" मी विचारलं. "आज आम्हाला वाचवलंस. मग तिला पकडून का दिलंस?"

तो बराच वेळ पाणी प्याला. "साहेब दरी पेटवणार होता," तो म्हणाला. "चारी बाजूंनी. गवत वाळलेलं, वारा डोंगराकडचा. आत बायका होत्या, म्हातारे होते. मी म्हटलं, नाईकाची बायको कुठल्या कपारीत आहे ते सांगतो, पण जाळ करायचा नाही. तिला जिवंत धरा, बाकीच्यांना सोडा. साहेबानं तेवढं ऐकलं."

"मग तिला सांगायचंस ना! ती तुझ्यावर थुंकते."

"सांगून तिला खरं वाटलं असतं? लहानपणी मी चिंच लपवली तरी तिला खरं वाटत नसे." तो ओठ फुटलेला असूनही हसला. "बहीण आहे माझी. सख्खी. तिला सांगू नको, उगाच जीव जाळेल. भाऊ चोर होता म्हणून विसरून जाणं सोपं असतं."

मी तिथून उठले ती सरळ सुभेदारांच्या घरी गेले. ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"सुभेदारजी, रेवज्यानं काही केलं नाही. शब्द मी बदलले."

अडकित्ता थांबला नाही. "काय म्हणालीस, ऐकू आलं नाही."

"शब्द मी..."

"पोरी," ते म्हणाले, "साहेबाला एक माणूस पाहिजे होता, तो मिळाला. तो भिल्ल आहे, सगळ्यांना पटला. आता तू आलीस म्हणून साहेब त्याला सोडणार नाही. तुलाही धरेल आणि रायाजीलाही. तीन होतील, एवढंच." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आणि माझं वय झालं. मला हल्ली खरंच कमी ऐकू येतं."

रायाजी संध्याकाळी आला. पाय धुतले, चुलीपाशी बसला. मी पण बसले.

"मी नाल्यातून बघत होतो," तो म्हणाला. "तू बोललीस, आणि तो बसलाच नाही, त्यानं साहेबाला आमच्या बंदुकांपुढं घेतलं. मला तेव्हाच कळलं."

मला वाटलं आता मारेल, किंवा उठून जाईल.

"चुलीवर काय आहे?" त्यानं विचारलं.

"आमटी."

"वाढ."

पुढं आम्ही त्याबद्दल एकदाही बोललो नाही. पण गुळाची ती ढेप त्यानंच उचलली आणि सुभेदाराच्या घोड्याला घातली.

रेवज्याला बैलगाडीतून नगरच्या बाजूला नेलं. पुढच्या पावसाळ्यात तिकडून आलेल्या एका शिपायानं सांगितलं, तुरुंगात ताप आला आणि गेला. शिपायाला त्याचं नावही धड आठवत नव्हतं.

डोंगर शांत झाला तो आमच्या कप्तानाच्या हातून नाही. तो आजारी पडून विलायतेला गेला. नवा साहेब आला, तो स्वतः बिनहत्यारी दित्याच्या पाड्यावर जाऊन बसला. दित्याला कसायला जमीन मिळाली, त्याच्या माणसांना चौकीदाऱ्या मिळाल्या. मग चिंचपाणीच्या ठाण्याचं कामच उरलं नाही. ओंडक्यांना वाळवी लागली. तुकडी उठून गेली. रायाजीनं नोकरी सोडली आणि आम्ही पायथ्याला माझ्याच गावी घर केलं. गढीच्या पडक्या अंगणात आठवडी बाजार भरू लागला. जिथं लोहाराचा भाता होता तिथं मिरच्यांचे ढीग लागत.

त्या बाजारात मला ठुमली भेटली. केस पांढरे झालेले, सोबत तिची लेक आणि दोन नातू. तिनंच मला आधी ओळखलं. आम्ही भिंतीच्या सावलीला बसलो. तिनं माझ्या पोराबाळांची, गुरांची खुशाली विचारली, मी तिच्या. झाडाखालचं ते बोलणं निघालं. "तू नसतीस तर ही लेक तुरुंगात जन्मली असती," ती म्हणाली.

"मी नाही," मी म्हटलं. त्यानं सांगू नको म्हटलं होतं. पण मी किती वर्षं ते पोटात घेऊन फिरणार? आणि रेवज्या गेल्याला युग लोटलं होतं. मी सगळं सांगितलं. दरी, वाळलं गवत, साहेबाशी केलेला सौदा. पगडी. बेड्या.

तिनं मधेच थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "चिंचेचं बोलला?"

"बोलला."

ती रडली नाही. पदरानं तोंड पुसलं, कोरडंच. "मी त्याच्यावर थुंकले," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर." आणि मग, "आमच्यात माणूस गेला की त्याचा दगड उभा करतात. आईचा आहे, बापाचा आहे. चुलत्याचा आहे. त्याचा नाही. मीच उभा करू दिला नाही."

पुढच्या बाजारी ती परत आली. या वेळी सोबत तिचे दोन मुलगे होते, पहार होती, दोरखंड होते. गढीच्या दाराची एक चौकट अजून उभी होती. तिचा एक उभा चिरा त्यांनी पहारीनं सैल केला. माणसं जमली. बाजाराच्या बंदोबस्ताला असलेला चौकीदार काठी आपटत आला.

"ए बाई! ठेव तो खाली. सरकारी दगड आहे."

ठुमली चिऱ्यावर हात ठेवून उभी राहिली. म्हातारी होती, वाकली होती, पण तिच्या आवाजाला धार होती.

"सरकारी नाही," ती म्हणाली. "हा माझा भाऊ आहे. याला मी घरी नेते."

चौकीदार तिच्याकडे बघत राहिला. तोही डोंगरातलाच होता. काय समजायचं ते समजला. त्यानं काठी बगलेत धरली आणि चिऱ्याचं एक टोक स्वतः उचललं. मी शेंदूर विकणाऱ्या बाईकडून एक पुडी घेतली आणि त्यांच्या मागून डोंगराची वाट धरली.